उन्हाळी संशोधनवृत्ति आणि परभणी जिल्ह्यांतील पदवीचा विद्यार्थी

(१) प्रस्ताव

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्यास दोन गोष्टींची वाण नेहमींच पडते. एक वेळेची व दुसरी पैशाची. ज्यास वेळ आहे त्यास प्रवासाचा खर्च झेपत नाहीं, आणि ज्यास खर्च झेपतो त्यास धंद्यांतून सवड होत नाहीं. महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणास उन्हाळ्याच्या सुटींत वेळ आयताच मिळतो. त्यास दोन महिन्यांचा निर्वाह कोणी पुरविला, तर ही तुटलेली जोडी जमते. शास्त्रीय विषयांत ही गोष्ट आज आपल्या देशांत रूढ आहे. इतिहास व हस्तलिखितें यांच्या बाबतींत ती तशी झालेली नाहीं.

परभणी जिल्हा उदाहरणादाखल घेऊन, पदवीच्या विद्यार्थ्यानें अशा वृत्तीसाठीं अर्ज कसा करावा, आणि तो सफल होण्यास आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पोथ्या व दप्तरें आहेत त्यांनीं काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मराठवाड्यांतील विद्यार्थ्याचा अर्ज मागें पडतो तो बुद्धीच्या अभावीं नव्हे. त्याच्या अर्जासोबत एक विशिष्ट कागद नसतो म्हणून मागें पडतो. आणि तो कागद देणें सरकारच्या हातीं नसून दप्तराच्या मालकाच्या हातीं आहे.

(२) पूर्वपीठिका

अभ्यासासाठीं द्रव्य देण्याची कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. तळेगांवच्या सेनापति दाभाड्यांनीं सुरू केलेली व पुढें पेशव्यांनीं पुण्यास श्रावणमासीं चालविलेली दक्षिणा मूळ विद्वान् ब्राह्मणांपुरती होती. इ. स. १८१८ नंतर इंग्रज सरकारनें तिचें रूप हळूहळू पालटलें. तींतील कांहीं रक्कम १८२१ सालीं पुण्यास स्थापिलेल्या संस्कृत पाठशाळेकडे, कांहीं ग्रंथांच्या बक्षिसांकडे व कांहीं 'दक्षिणा फेलो' यांच्या वेतनाकडे गेली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि तरुणपणीं दक्षिणा फेलो होते. जातीवरून मिळणारें दान अशा रीतीनें कामाच्या मोबदल्यांत मिळणारें वेतन झालें. आजच्या संशोधनवृत्तीचें तत्त्वहि हेंच आहे, आणि अर्जदारानें तें प्रथम ध्यानांत ठेवावें: वृत्ति ही गरजूस दिलेली मदत नव्हे, ठराविक काळांत ठराविक काम करून देण्याचा तो करार आहे.

हस्तलिखितांच्या शोधासाठीं सरकारी पैसा मिळण्याचा आरंभ आपल्याकडे इ. स. १८६६ च्या सुमारास झाला. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन इत्यादि विद्वानांनीं मुंबई सरकारसाठीं जमविलेला संग्रह १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. याच्या उलट विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचें उदाहरण. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. तेव्हांपासून राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं तीं कोणाच्या वेतनावर नव्हे. हा आदर्श थोर खरा. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यानें राजवाडे व्हावें अशी अपेक्षा धरून बसणें म्हणजे काम न होण्याचीच तरतूद करणें होय.

परभणी या दोन्ही प्रवाहांच्या कडेला राहिली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग मुंबई सरकारसाठीं काढले. परंतु गोदातीरावरील देशमुख-देशपांड्यांच्या घरचे रुमाल त्या कामाच्या कक्षेबाहेरचे होते. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं निघालें, व परभणीचीं महाविद्यालयें आज ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशीं जोडलीं आहेत त्याची स्थापना १९९४ सालची. पुण्याच्या विद्यार्थ्यास शेजारच्या गल्लींत जी परंपरा सांपडते, ती परभणीच्या विद्यार्थ्यास आपल्या हातानें उभारावी लागते.

(३) आज काय उपलब्ध आहे

विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठीं मार्ग बराच मोकळा आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी व प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्थांनीं मिळून उन्हाळी संशोधनवृत्तीची योजना चालविली आहे. अर्ज साधारणतः आदल्या वर्षाच्या हिंवाळ्यापूर्वीं मागवितात. विद्यार्थ्यानें आपली गुणपत्रिका, काय करावयाचें आहे याचें लहानसें टिपण व एका अध्यापकाचें शिफारसपत्र द्यावयाचें असतें. निवड झाल्यास दोन महिने एका मान्य शास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम, निर्वाहापुरतें वेतन, व शेवटीं वृत्तांत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूरचें जवाहरलाल नेहरू केंद्र यांच्याहि अशाच योजना आहेत. खुद्द परभणीच्या कृषि विद्यापीठांत (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नांवें) शिकणारा विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहतो, तेव्हां त्यास निर्वाहवेतन मिळतें.

इतिहास, मराठी, संस्कृत, उर्दू किंवा फारसी घेऊन पदवीचा अभ्यास करणारास मात्र असें दार सहसा दिसत नाहीं. भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या वृत्ति पदव्युत्तर व विद्यावाचस्पतीच्या संशोधकांसाठीं असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें क्षेत्रीय प्रकल्प व अंतर्वासिता यांस पदवीच्या अभ्यासक्रमांत स्थान दिलें, हें चांगलेंच. परंतु त्यांतून श्रेयांक मिळतात, एस.टी.चें भाडें मिळत नाहीं. महाराष्ट्राच्या विद्यापीठांचा 'आविष्कार' हा संशोधनमेळा २००६ पासून भरतो, त्यांत भाषा व मानव्य विषयांसाठीं पदवीच्या विद्यार्थ्यांसहि जागा आहे. पण तेथें झालेलें काम दाखवावयाचें असतें, व्हावयाच्या कामास पैसा मागावयाचा नसतो.

तथापि वारें अनुकूल आहे. २००३ सालीं राष्ट्रीय हस्तलिखित अभियान निघालें. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत 'ज्ञान भारतम्' हें अभियान जाहीर झालें, व शिक्षणसंस्था, ग्रंथालयें, संग्रहालयें आणि खाजगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन हा त्याचा उद्देश सांगितला गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शिवाय २०२३ सालीं नेमलेल्या न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीनें कुणबी नोंदींसाठीं मराठवाड्यांतील निजामकालीन कागद तपासण्यास घेतले, तेव्हां मोडी व उर्दू हस्ताक्षर वाचणारे किती थोडे उरले आहेत हें ज्यांस इतिहासाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें त्यांसहि कळून आलें. अशा वेळीं नीट बांधलेला अर्ज घेऊन कोणी आला, तर त्यास अगदींच विन्मुख जावें लागेल असें नाहीं. तो अर्ज विद्यापीठाकडे करावा, जवळच्या संशोधनसंस्थेकडे करावा, किंवा एकाद्या सधन गृहस्थाकडे करावा. त्याचीं अंगें सर्वत्र तींच.

(४) क्षेत्र

अर्जाचें पहिलें अंग स्थळ. परभणी जिल्ह्यांतून हिंगोली १ मे १९९९ रोजीं निराळा झाला, म्हणून औंढा नागनाथ व नरसी नामदेव हीं स्थळें आतां या जिल्ह्यांत नाहींत. ही साधी गोष्टहि अर्जांत चुकते. राहिलेले नऊ तालुके परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे होत.

यांतील पाथरी 'आईन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याचें एक सरकार म्हणून येते, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यांतला, असें फेरिस्ता सांगतो. गंगाखेड हें जनाबाईचें गांव. जिंतूर तालुक्यांत चारठाण्याचीं यादवकालीन देवळें आहेत, आणि नेमगिरीस जैनांचें प्राचीन स्थान आहे. त्याच तालुक्यांतील बोरीशीं महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर यांचें नांव परंपरा जोडते. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत असत, व त्यांतील सकळ लिपीचा उलगडा राजवाडे यांनीं केला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

असें समृद्ध क्षेत्र पाहून विद्यार्थी भुलतो व अर्जाचा मथळा 'परभणी जिल्ह्याचा सांस्कृतिक इतिहास' असा घालतो. तेथेंच अर्ज बुडतो. तपासणारास त्यांत दोन महिन्यांत संपेल असें कांहींच दिसत नाहीं. मथळा असा असावा: 'गंगाखेड तालुक्यांतील एका देशपांडे घराण्याच्या दोन रुमालांतील मोडी कागदांची वर्णनात्मक यादी'. यांत स्थळ आहे, मर्यादा आहे, आणि काम झालें कीं नाहीं हें मोजून पाहतां येतें. जिल्ह्याचा इतिहास अशा वीस याद्या झाल्यावर लिहितां येईल. तत्पूर्वीं तो लिहिणें म्हणजे गॅझेटियरचीं पानें उतरून काढणें होय.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यासहि या क्षेत्रांत काम आहे, व त्यास वर सांगितलेल्या योजनांचा उपयोग करून घेतां येईल. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाचें परीक्षण, काजळाच्या शाईवर दमटपणाचा होणारा परिणाम, अगर संगणकाकडून मोडी हस्ताक्षर वाचविणें, हे विषय रसायन व गणकशास्त्राच्या अधिकाऱ्यांसहि मान्य होण्यासारखे आहेत. मोडीस युनिकोडमध्यें २०१४ सालींच स्थान मिळालें आहे.

(५) अर्जाचीं इतर अंगें

दुसरें अंग योग्यतेचा पुरावा. 'मला इतिहासाची लहानपणापासून आवड आहे' या वाक्याचा उपयोग शून्य. त्याऐवजीं एका मोडी कागदाचें छायाचित्र, त्याचें बाळबोध लिप्यंतर, व न लागलेल्या अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवून केलेली प्रामाणिक नोंद, एवढें अर्धें पान जोडावें. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग भरतात. तसा वर्ग केला असल्यास सांगावें. परभणीच्या दप्तरांत मोडीबरोबर फारसी व उर्दू कागद हटकून निघतात, कारण निजामी दरबाराची भाषा आधीं फारसी व नंतर उर्दू होती. विद्यार्थ्यास त्या भाषा येत नसतील तर तें लपवूं नये. उर्दू जाणणारा सहाध्यायी अगर मौलवी सोबत घेण्याची योजना सांगावी. दोघांनीं मिळून केलेला अर्ज येथें एकट्याच्या अर्जापेक्षां बळकट ठरतो.

कालगणनेचें ज्ञानहि दाखवावें. शकांत ७८ किंवा ७९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सुहूर सनांत ५९९ किंवा ६००. दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१. सुहूर सनाचें वर्ष मृगापासून सुरू होतें, तर अलीकडच्या निजामी फसलीचें वर्ष ऑक्टोबरांत आजूर महिन्यापासून धरीत. म्हणून महिना पाहिल्यावांचून बेरीज करूं नये. अशी एक ओळ अर्जांत असली तरी तपासणारास लिहिणारा कच्चा नाहीं हें कळतें.

तिसरें अंग हिशेब. आठ आठवड्यांपैकीं पहिला कागद उलगडण्यांत व क्रम लावण्यांत, शेवटचा वृत्तांत लिहिण्यांत गेला, तर सहा आठवडे राहतात. आठवड्यास सहा दिवस व दिवसास पंधरा कागद धरले, तर ५४० कागदांची नोंद होईल. रुमालांत दोन हजार कागद असतील तर ते सर्व करूं असें लिहूं नये. पहिले ५४० करूं असें लिहावें. खर्चाचीं कलमें निराळीं दाखवावींत: प्रवास, भोजन, बांधण्याचें कापड व पुठ्ठे, छायाचित्रांचा संचय, आणि यादीच्या दोन प्रती. कोणतेंहि कलम 'किरकोळ' या शब्दाखालीं दडवूं नये. तपासणाराची नजर तेथेंच प्रथम जाते.

चौथें अंग शिफारसपत्र. आपले अध्यापक भले असतात. ते 'सालस, अभ्यासू व चारित्र्यवान' असें लिहून सही करतात. असें पत्र सर्वच अर्जदारांस मिळतें, म्हणून कोणासच उपयोगी पडत नाहीं. 'या विद्यार्थ्यानें माझ्यासमोर वीस मोडी कागद वाचले, पहिल्यांत दर ओळीस तीन चुका होत्या, विसाव्यांत पानास दोन राहिल्या,' असें पत्र एकटें दहा गुणपत्रिकांच्या तोडीचें आहे. तें मिळण्यास विद्यार्थ्यानें अध्यापकांकडे मुदतीच्या आदल्या संध्याकाळीं जाऊं नये; तीन आठवडे अगोदर, आपल्या कामाचें टिपण बरोबर घेऊन जावें.

(६) संमतिपत्र

आतां तो कागद, ज्याचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला. वृत्ति देणाऱ्या संस्थेस सर्वांत मोठें भय असतें तें असें कीं, विद्यार्थी गांवीं जाईल व मालक दप्तर दाखवणार नाहीं. हें भय निराधार नाहीं. घरच्या कागदांत इनामाच्या सनदा, वतनाचे महजर, वांटण्या व कर्जरोखे असतात. १९५४ चा हैदराबादचा इनाम नष्ट करण्याचा कायदा झाल्यापासून त्या कागदांवर दावे उभे राहिले, व आज जातीच्या नोंदींमुळें त्यांत आणखी भर पडली आहे. मालकानें सावध असावें यांत गैर कांहींच नाहीं. परंतु त्याच सावधपणामुळें पुष्कळ रुमाल वाळवीच्या स्वाधीन होतात. यावर तोड एकच. दोन्ही बाजूंस बांधणारें स्पष्ट पत्र. आमच्या मतें त्याचा मसुदा पुढीलप्रमाणें असावा:

'आमच्या राहत्या घरीं असलेल्या दोन रुमालांतील कागदांची यादी करण्यास अमुक महाविद्यालयांतील अमुक विद्यार्थ्यास आम्ही परवानगी देत आहों. काम आमच्याच घरीं, आमच्या माणसासमक्ष, सकाळीं सात ते अकरा या वेळांत व्हावें. एकहि कागद घराबाहेर नेऊं नये. आम्ही ज्या कागदांवर खूण करूं त्यांचें छायाचित्र घेऊं नये; त्यांची नुसती संख्या लिहावी. यादीची एक प्रत आम्हांस द्यावी व एक संस्थेंत ठेवावी. छायाचित्रें प्रसिद्ध करणें झाल्यास आम्हांस आगाऊ पत्रानें विचारावें. हे कागद विकण्याचा अगर देणगी देण्याचा कोणताहि करार या पत्रानें होत नाहीं.'

यांतील शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शास्त्रीय, ऐतिहासिक अगर वाङ्मयीन महत्त्वाचें हस्तलिखित ७५ वर्षांचें झालें म्हणजे पुरावस्तु ठरतें, व खाजगी इसमास तें परदेशीं नेतां येत नाहीं. विद्यार्थ्यानें कागद विकत घेऊं नयेत, मध्यस्थी करूं नये, भेट म्हणूनहि स्वीकारूं नयेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें २००४ सालीं धोक्यांतील दप्तरांसाठीं जी मदतीची योजना सुरू केली, तींतहि मूळ कागद आपल्या देशींच राहावेत असा दंडक आहे. मूळ जेथल्या तेथें व ज्ञान सर्वत्र, हें धोरण मालकासहि पटण्यासारखें आहे.

कागद हाताळण्याचे नियम अर्जांत चार ओळींत द्यावेत, म्हणजे मालकाची खात्री पटते: नोंद शिसपेन्सिलीनें स्वतंत्र चिठीवर करावी, कागदावर नव्हे, फाटक्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, घडी बळेंच उलगडूं नये, थुंकी लावून पान उलटूं नये, प्रत्येक कागद मूळ क्रमानें परत ठेवावा. रुमालांतील क्रम हाच अनेकदां पुरावा असतो. तारखांप्रमाणें कागद 'नीट लावणारा' विद्यार्थी न कळत तो पुरावा नाहींसा करतो.

(७) काळाचा हिशेब

उन्हाळी काम म्हटलें म्हणजे दोन महिने आयते मिळाले, असें समजतात. परभणीकडे तसें नाहीं. विद्यापीठाच्या परीक्षा पुष्कळदां मे महिन्यांत लांबतात, आणि मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. पाऊस सुरू झाल्यावर जुन्या वाड्यांत कागद उघडणें धोक्याचें; दमटपणानें शाई सुटते व बुरशी चढते. उलट वैशाखांतल्या कोरड्या उन्हानें कागद इतका कडक होतो कीं दुपारीं घडी उलगडली तर ती मोडते. म्हणून वर सकाळचीच वेळ घातली आहे.

यावरून कामाची वांटणी अशी करावी. दिवाळीच्या सुटींत एकदां जाऊन मालकास भेटावें, रुमाल बाहेरून पाहावा, संमतिपत्र घ्यावें व हिंवाळ्यांत अर्ज पाठवावा. परीक्षा संपतांच मालकाच्या घरचें काम, म्हणजे मोजणी, क्रमांक, मापें व छायाचित्रें, हें मृगापूर्वीं उरकावें. पुढचे आठवडे आपल्या घरीं बसून छायाचित्रांवरून वाचन व यादी करावी. छायाचित्रासाठीं ज्यांस मालकाचा नकार असेल त्यांचा प्रश्नच उरत नाहीं. अर्जांत ही वांटणी तारखांसह लिहिली असली म्हणजे लिहिणारानें तें घर व तो प्रदेश खरोखर पाहिला आहे, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

यादींतील प्रत्येक नोंदींत पुढील रकाने असावेत: अनुक्रम, लांबी-रुंदी, लिपि व भाषा, कागदावरील तिथि-सन जसा आहे तसा, व शेजारीं इसवी सन, लिहिणारा व ज्यास लिहिलें तो, शिक्के, विषय दोन ओळींत, कागदाची स्थिति. जें लागलें नाहीं तेथें 'न लागलें' असेंच लिहावें. अंदाजानें भरलेला रकाना मोकळ्या रकान्यापेक्षां पुढच्या संशोधकास अधिक फसवितो.

(८) एक शंका व तिचें निरसन

कांहीं जुने संग्राहक म्हणतील, वीस वर्षांच्या पोरांच्या हातीं दप्तर देणें हें धाडस होय. त्यांस ना परिभाषा कळे, ना घराण्यांचा संबंध ठाऊक. शंका खरी आहे. परंतु वर्णनात्मक यादीस विद्वत्तेपेक्षां चिकाटी अधिक लागते. महजराचा अर्थ लावणें हें अधिकाऱ्याचें काम. महजर आहे, इतका लांब आहे, त्यावर इतक्या निशाण्या आहेत, हें लिहून ठेवणें चांगल्या शिकाऱ्या हाताचें काम. आज अधिकारी पुरुष थोडे व वृद्ध आहेत. त्यांनीं एकेक रुमाल स्वतः उलगडावा म्हणतां तीं वर्षें उरलेलीं नाहींत. यादी तयार असेल तर ते आठवड्याभरांत सांगतील कीं, या पांचशेंपैकीं हे सात कागद अगोदर पाहा.

दुसरी गोष्ट अशी कीं, गांवांतलाच मुलगा अगर मुलगी हें काम करते तेव्हां घराण्यांचा संबंध तिला पुस्तकाबाहेरून ठाऊक असतो. कोणत्या आळीस कोणतें नांव होतें, कोणता मळा कोणाचा, हें पुण्या-मुंबईच्या पंडितास विचारावें लागतें. मानवतच्या मुलीस तें आजीकडून मिळतें. कागदांतील तुटक शब्द पुष्कळदां त्यावरच लागतात.

(९) वाचकांस विनंति

या सर्व विवेचनाचा भार शेवटीं आमच्या वाचकांवर येतो. विद्यार्थ्यानें अर्ज कसा करावा हें सांगणें सोपें. त्यास अर्ज करतां येईल अशी स्थिति निर्माण करणें अवघड. त्यासाठीं संग्राहकांनीं तीन गोष्टी कराव्यात. पहिली: आपल्या दप्तराबद्दल वरील मसुद्यासारखें एक पत्र, आपल्यास पाहिजे तीं बंधनें घालून, जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास अगर मराठी विभागास देऊन ठेवावें. दुसरी: सकाळचे चार तास, एक मोकळी खोली, एक मेज व बसावयास घरचें एक माणूस, एवढी सोय कबूल करावी. तिसरी, ज्यांस शक्य असेल त्यांनींच करावी: एका विद्यार्थ्याचा आठ आठवड्यांचा निर्वाह, आपल्या नांवें अगर निनांवी, संस्थेमार्फत द्यावा. हातीं थेट पैसा दिल्यानें देणारा व घेणारा दोघांसहि संकोच होतो. संस्था मध्यें असली म्हणजे वृत्तांत मागण्याचा अधिकार राहतो, व दक्षिणेचें वेतन होतें.

यांपैकीं पहिल्या गोष्टीस खर्च एका कागदाचा आहे. त्या एका कागदानें जिंतुरापासून पालमपर्यंतच्या कोण्या विद्यार्थ्याचा अर्ज इतर शंभर अर्जांच्या वर येईल, आणि माळवदाखालच्या कोनाड्यांत बांधून पडलेल्या रुमालाची गांठ वाळवीपूर्वीं माणसाच्या हातानें सुटेल. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं वाचकांनीं आपापल्या रुमालांची संख्या तरी मोजून ठेवावी, अशी आमची नम्र विनंति आहे.